घरचा नंबर

आम्हा लाइनवाल्यांची एक जुनी खोड. फोन दुरुस्त झाला की तपासायला आपल्याच घरचा नंबर फिरवायचा. वीस वर्षं मी शहरात कुठूनही फोन लावला की आमच्याकडे घंटी वाजायची आणि बायको म्हणायची, "झाला का व्हय दुरुस्त? मग ठेवा." मी ठेवायचो. कामाच्या दिवशी आमचं बोलणं एवढंच.

त्या दिवशी चिकलठाण्यात एका गादीवाल्या चाचांचा फोन बंद होता. दुकानासमोरच्या खांबावर तारेचा जोड सडला होता. तो नवा केला आणि त्यांच्याच फोनवरून घरी लावला. बायकोचा आवाज आला, पण जड, शब्द एकमेकांत गुंतलेले. मी म्हणालो, "लाइन खराब आहे गं, ठेव. पुन्हा जोडून बघतो."

चाचांनी आपल्या मुलीला फोन लावून पाहिला. म्हणाले, "मेरेकू तो एकदम साफ आ रा, भाई."

"चाचा, तुम्ही गाद्या बघा. वीस वर्षांचे कान आहेत हे."

खांबावर चढून जोड तोडला, परत केला. घरी लावला. आवाज आणखी बिघडलेला. ती काहीतरी सांगत होती, घाईघाईनं, न थांबता. मी मध्येच कट केला. तिसऱ्यांदा घंटी नुसती वाजत राहिली, कुणी उचलला नाही. घंटी जातेय म्हणजे लाइन चालू. चाचांची सही घेतली आणि पुढच्या तक्रारीला गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर ती फोनखाली पडलेली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बोलणं कधी बिघडलं, काही अंदाज? लकव्यात पहिले काही तासच हातात असतात."

अंदाज कशाला, माझ्या खिशातल्या तक्रारींच्या वहीत लिहिलेलंच होतं. पावणेबारा, आवाज अस्पष्ट. मी वही पुढे केली. डॉक्टरांनी ती वाचली आणि परत दिली. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इतका?

आता घरी फायबरचा फोन आहे, आवाज अगदी स्वच्छ. काम झालं की मी अजून तोच नंबर फिरवतो. शेजारीण रिसीव्हर बायकोच्या कानाला लावते. ती बोलते, तशीच घाईघाईनं. मला एक शब्दही कळत नाही, आणि माझ्या या कानांची मला किळस येते. त्या दुपारी तिला काय सांगायचं होतं, कदाचित तेच ती रोज सांगत असेल. ती थांबेपर्यंत मी फोन ठेवत नाही.