ज्याचा पाय, त्याले आणा

दुकानात कोणी आलं की काकाजी आधी त्याच्या पायांकडे बघायचे. तोंडाकडे नंतर, तेही वाटलं तर. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे तेल ढकलणारा भाग, मागितला की त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "गाडी कोण चालवते?" भाऊ चालवतो किंवा ड्रायव्हर चालवतो, असं गिऱ्हाईक म्हणालं की काकाजी पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

"ज्याचा पाय, त्याले आणा."

माल विकायची घाई नसलेला एखादा दुकानदार तुम्हीही पाहिला असेल. मला अशा माणसाचा मनापासून राग येतो. मी वेल्डिंगची कांडी हातात धरून वर आलेला माणूस. नागपूरच्या बेसा-हुडकेश्वरकडे नवी घरं उठली, त्यांतल्या कितीतरी फाटकांना माझे हात लागले आहेत. काहीही विकत घ्यायचं म्हटलं की भाव पाडल्याशिवाय मी उठत नाही. काकाजींकडे भाव पाडायची वेळच येत नव्हती, कारण ते विकायलाच तयार नव्हते.

त्यांच्याकडे मी गेलो तो माझ्या मुलीसाठी. सायली आठवडाभर धरमपेठेतल्या एका ऑफिसात घरांचे नकाशे काढते आणि सुट्टीच्या दिवशी ड्रॅग रेसची गाडी चालवते. ड्रॅग रेस म्हणजे सरळ पट्टी, शेजारी शेजारी दोन गाड्या आणि नाकासमोर सुसाट. गाडी किती जोरात सुटली हे सगळे बघतात. ती कुठे थांबते हे फक्त बाप बघतो.

इंजिनात फेरफार केल्यावर पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर नीट चालेना, म्हणून सायलीने तो काढूनच टाकला. आता तिच्या पायात जेवढा जोर, तेवढाच ब्रेक. शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर पहिली चाचणी झाली. गाडीने शेवटची रेषा ओलांडली, मग पट्टी संपली, मुरूम उडाला. धूळ खाली बसली तेव्हा गाडीचं नाक नाल्याच्या काठावर होतं.

सायली हसत उतरली. "बाबा, पेडल दगडासारखं लागून राहिलं होतं. दाबलं तरी काही होईना."

मी तिच्यावर असा ओरडलो की तिचं हसू तिथेच संपलं. गाडीची किल्ली काढून खिशात घातली. ब्रेक नीट झाल्याशिवाय ती मिळणार नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकाजींच्या दुकानात गेलो. बाकावर नेहमीचे चारदोन मेकॅनिक चहा पीत बसले होते.

"एक इंची मास्टर सिलिंडर द्या," मी म्हणालो. "सगळ्यात मोठा."

"मोठा काहून?"

"मोठा म्हणजे दणकट."

"दणकट पाहिजे तं फाटक लावा गाडीले."

बाकावरचे सगळे हसले. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही. दुकानात एका जाड फळीवर ब्रेकचं पेडल बसवलेलं होतं. त्याला सिलिंडर जोडायचा, पुढे दाबाचा काटा आणि समोर जुन्या गाडीची सीट. मी तावातावाने चप्पल काढली आणि सीटवर बसलो. "घ्या माझाच पाय. पोरगी माझीच आहे, रक्त एकच."

"तुमी चालवून राहिले काय गाडी?"

"नाही."

"मंग चप्पल घाला."

मी बाजारात दुसरीकडे गेलो. बाकी दुकानांत मागेन तो सिलिंडर मिळत होता, भावही पडत होता. कोणी एका शब्दाने काही विचारत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच मला तसा सौदा नकोसा वाटला. डोळ्यांसमोर तो नाला येत होता. शेवटी सायलीला घेऊन त्याच दुकानात परत आलो.

"रेसमधे घालते तेच जोडे घातले ना वं माय?" काकाजींनी तिला विचारलं. माझ्याशी बोलताना जो आवाज असायचा, तो हा नव्हेच. तिला सीटवर बसवून त्यांनी फळीला आधी एक इंची सिलिंडर जोडला. तिने सगळा जोर लावला, पण काटा जेमतेम हलला. मग पाऊण इंची जोडला. त्याच पायाने काटा टणकन वर गेला.

"पाय तोच आहे," काकाजी म्हणाले. "मोठ्या पिस्टनवर तो पसरून जाते. लहान्यावर एका जागी लागते. हा तुया पायाचा."

मी भावाला हात घातला. काकाजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ब्रेकचा भाव करता? पोरगी तुमचीच आहे म्हणत होते ना?"

सांगतील ते देऊन मी निघालो. नागपुरात मला असं करायला लावणारा दुसरा माणूस नाही.

आता माझी खरी तक्रार ऐका. सिलिंडर गाडीत बसवला तर ब्रेक घट्ट धरू लागला, पण पेडल मात्र खाली जात जात तळाला टेकायला आलं. काकाजींना बोलावलं. ते स्कूटरवरून माझ्या वर्कशॉपात आले, पेडल पाहिलं आणि म्हणाले, "तेलात हवा राहिली असन." पुन्हा हवा काढली, तरी पेडल तसंच.

माझा पारा चढला. "काकाजी, तुमच्या फळीले चाक आवळणारं कॅलिपर कुठं आहे? तिथं नुसता काटा. इथं चार चाकांत तेल भरा लागते. लहान सिलिंडर तेवढं तेल एका दाबात देईन कसा?"

काकाजींनी वाकून पेडल हाताने पुन्हा दाबून पाहिलं.

मी पेडल सोडवलं. सिलिंडरचा रॉड ज्या भोकात बसतो त्याच्या जरा खाली, पेडल ज्या वरच्या खिळीवर हलतं तिच्यापासून दूर, दुसरं भोक पाडलं. रॉड तिथे जोडला की तेवढ्याच पायात पिस्टन जास्त सरकणार. जोर थोडा जास्त लागेल, पण पेडल तळाला जाणार नाही. काकाजी हाताची घडी घालून बघत होते. एवढंच म्हणाले, "रॉड तिरपा ठेवू नोका." मी सिलिंडरची पट्टीही त्या मापाने सरकवली. सायलीने पेडल दाबलं. ते वरच थांबलं, आणि ब्रेकही पक्का लागला.

काकाजींनी चहा संपवला, स्कूटरला किक मारली. "बरं झालं, सिलिंडर बरोबर निवडला."

आणि भोक? त्याबद्दल एक अक्षर नाही.

चाचणीच्या दिवशी काकाजी न बोलावता धावपट्टीवर आले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मी सायलीच्या हातात किल्ली दिली. गाडी सुटली तेव्हा कानठळ्या बसल्या. तिने रेषा ओलांडली, पुढचा भाग जमिनीकडे झुकला आणि गाडी हळू, आणखी हळू होत पट्टीवरच उभी राहिली. नाला कितीतरी लांब होता. मग लक्षात आलं की माझा उजवा पाय मातीत रुतला आहे. शेजारी पाहिलं. काकाजींची चप्पलही मातीत तशीच रुतली होती.

"थांबली," ते म्हणाले.

"थांबली," मी म्हणालो.

बाजारात मात्र ते पुढे सगळ्यांना सांगत फिरले, "त्या पोरीले म्या पाय पाहून सिलिंडर देल्ला." बापाने पेडल सुधारलं, हे त्यात कधीच आलं नाही. मी त्यांच्या तोंडावर विषय काढून पाहिला. ते पेपर उलटायचे.

मागल्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं आणि मुलाकडे पुण्याला राहायला गेले. ते निघण्याआधी मी ती पेडलची फळी मागायला गेलो होतो.

"तुमाले कायले पाहिजे? ज्याचा पाय, त्याले आणा."

चिडून घरी आलो आणि सायलीला पाठवलं. ती फळी गाडीत घालून घेऊन आली आणि वर्कशॉपच्या कोपऱ्यात ठेवून ऑफिसला गेली. फळीवर एक सिलिंडर अजून जोडलेला होता. मी धूळ पुसायला वाकलो आणि थांबलो. पेडलच्या जुन्या भोकात ग्रीस वाळून बसलं होतं. त्याच्या जरा खाली दुसरं भोक होतं, मी सायलीच्या गाडीत पाडलं होतं तिथेच, आणि रॉड त्यात होता. भोकाच्या कडा घासून घासून चकचकीत झालेल्या. माझ्यानंतर किती गिऱ्हाइकांचे पाय त्यावर पडले असतील, कोण जाणे.

तोंडाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं या माणसाचं?

मी दार लोटून घेतलं. सीट काही आली नव्हती, म्हणून स्टूल ओढलं, चप्पल काढली आणि पाय ठेवला. अडवायला कोणी नव्हतं. सगळा जोर लावून दाबलं.

पेडल वरच थांबलं.