जनूदादाने लावलेली गाणी

जनूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सरावलीहून बोईसरला रिक्षाने निघालो होतो आणि कानात गाणं चालू होतं. कोणतं, ते आठवत नाही. त्याला हे कळलं असतं तर म्हणाला असता, "गानं कोनतं ते ठाव नाय? मंग आयकत कशाला होतास?" फोनवर त्याचा मुलगा राजेश रडत होता आणि मला मात्र दादाचं हे बोलणंच ऐकू येत होतं...

तो नवापूरचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. बोट भावांवर सोपवून त्याने बोईसरला कॅसेटचं दुकान टाकलं. आपण गाण्यांची यादी द्यायची, तो ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. पण दिली तशी कधीच नाही. "कुठं आयकनार?" हा त्याचा पहिला प्रश्न. ट्रकमध्ये, बोटीवर की हळदीला, त्यावर गाण्यांचा क्रम ठरायचा. जाळं ओढायच्या वेळेला ठेक्याची गाणी, घरी परतताना संथ. हे सगळे क्रम तो एका लांबट वहीत लिहून ठेवायचा. कारखान्यातली पाळी संपली की मी त्याच्याकडे जाऊन बसायचो. एखादं गाणं मध्येच बदल म्हटलं की खेकसायचा, "जेवताना अर्धा मासा टाकतोस काय रे?"

आता जे सांगायचं ते इतकी वर्षं बाहेर कुणाला सांगितलं नाही. मोबाइलमध्ये मेमरी कार्डं आली तेव्हा मी नोकरी सोडून कॉम्प्युटर घेतला. "दादा, तुझी वही टाइप करून देतो," म्हणत ती घरी नेली आणि महिन्याभरात त्याच्या दुकानासमोरच कार्डात गाणी भरून द्यायचं टेबल मांडलं. त्याला न विचारता. गिऱ्हाईक माझ्याकडे वळलं. पुढच्या पावसाळ्यानंतर त्याने दुकान उघडलंच नाही. वही मी परत केली ती वहिनींच्या हातात, तो घरी नाही हे पाहून.

मग नवापुरातलं एक लग्न. गाणी मी भरलेली. कॉम्प्युटरने ती नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे लावून टाकली होती, हे मला कळलंच नव्हतं. नवरदेव मांडवात शिरला आणि स्पीकरवर सुरू झालं मुलीच्या पाठवणीचं गाणं! नवरीच्या आईने पदर डोळ्यांना लावला. एक म्हातारी ओरडली, "आरं, आजून अक्षता नाय पडल्या, पोरीला घालवता कुठं?" अख्खा मांडव हसत सुटला आणि सगळ्यांत मोठ्याने जनूदादा. हसत हसतच तो उठला, माझ्या हातून मोबाइल घेतला आणि लग्न लागून जेवणं होईपर्यंत एकेक गाणं स्वतः लावत राहिला. मी शेजारीच उभा होतो. माफी मागायची ती वेळ होती... नाही मागितली.

मागितली ती थेट गेल्या उन्हाळ्यात, त्याच्या ओट्यावर. एका दमात सगळं बोलून टाकलं. तो शांतपणे म्हणाला, "राग होता. तुज्या टेबलासमोरनं जायाचा बंद केला होता मी. पन त्या लग्नात लोकं हसली ना, तवा गेला." मग मला कोपराने ढोसून, "वही नेलीस ती नेलीस, वाचायची तरी होतीस!" आम्ही दोघं इतके हसलो की वहिनी बाहेर येऊन बघून गेल्या.

कॅसेट गेल्याचं त्याला दुःख नव्हतं. उलट मोबाइलवर तो खूश होता. "आता सगळ्या जगाची गानी हातात हायेत. लावनारा पायजे फक्त." नारळी पौर्णिमेनंतर राजेशची बोट निघाली की तिच्यासाठी गाणी तोच लावून द्यायचा.

यंदा वहिनींचा फोन आला. "भावोजी, बोट निघायची हाय. गानी तुमी लावा." दोन दिवस मी दादाच्या खोलीत बसून गाणी लावली, प्रत्येक शेवटपर्यंत ऐकून.

बोट निघाली, आणि किनारा अजून दिसत असतानाच, पहिलं जाळं ओढताना राजेशचा फोन. मागे खलाशांचा हसण्याचा गलका. "काका, जाळं वढायच्या टायमाला हे रडकं गानं कोनी घातलं? बाबा आसते तर तुमालाच बोटीवर घेऊन आले आसते वढायला!"

"चुकलं रे माझं," मी म्हणालो. गाण्यांची यादी दोघांच्या मोबाइलवर एकच, इकडे क्रम बदलला की तिकडे बोटीवर बदलतो; बोलता बोलता मी तो बदललासुद्धा. 'चुकलं' हा शब्द पूर्वी ओठांवर यायला मला अर्धं आयुष्य लागलं होतं.