दाजींची दिवसपाळी

माझ्या बहिणीच्या घरात मोठ्याने बोलायचं नाही, हा नियम कुणी केला ते विचारलं तर कुणालाच सांगता आलं नसतं. दाजींनी तर नक्कीच केला नव्हता. त्यांचा आवाज हा एवढा मोठा, आणि वर ते शपथेवर सांगायचे, "अगं, उशाशी तोफ उडवा, मला जाग येत नाही." पण ताईने कधी विश्वास ठेवला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बेकरीत भट्टीवर होते, कायम रात्रपाळीला. सकाळी दूधवाला येऊन जायचा आणि पाठोपाठ दाजी यायचे, भुवयांवर पीठ, अंगाला भाजलेल्या पावाचा वास. हातपाय धुऊन आडवे होत ते थेट तिन्हीसांजेला उठायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी शेजारच्या ठोकाठोकीने दिवसभर डोळा लागला नाही, आणि त्या रात्री भट्टीपुढे डुलकी येऊन त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून ताईने आवाजाशी वैरच धरलं. सगळं प्रेमापोटी झालं, म्हणून तर कुणाला दोष देता येत नाही. आणि मला दोष द्यायला फार आवडतं.

घर दोन खोल्यांचं. खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे चढवलेले, दाराची घंटा काढून टाकलेली. कुकर लावायचा तर ताई तो उचलून जिना चढायची आणि वरच्या मजल्यावर, माझ्या खोलीत शिट्ट्या करून घ्यायची. माझं लग्नबिग्न काही जमलं नाही. मी, माझं शिलाई मशीन आणि दुसऱ्यांचा कुकर, असा माझा संसार. भाच्या दोन. थोरली आणि धाकटी दोघी बोलायच्या आधी खुणा शिकल्या. गालाखाली तळवा म्हणजे बाबा झोपलेत. भांडल्या तरी झिंज्या ओढायच्या, चिमटे काढायच्या, पण तोंडातून ब्र नाही. टीव्हीचा आवाज बंद करून मारामारी पाहावी, तसं वाटायचं.

आणि संध्याकाळी दाजी डबा घेऊन बाहेर पडले, की त्याच तिघी घर डोक्यावर घ्यायच्या. वर माझ्या मशीनचा आवाज बुडून जायचा. ताई तर सगळ्या चाळीच्या नकला करायची, घरमालकाची, माझी, लंगडत्या टपालवाल्याची. दाजींना आपली बायको नकला करते हे ठाऊकच नव्हतं.

मग दाजींच्या छातीने कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी सांगितलं, रात्रीची जागरणं आणि भट्टीची धग दोन्ही बंद करा, नाहीतर माझ्याकडे पुन्हा येऊ नका. बेकरीच्या शेठने त्यांना दिवसा पॅकिंगला घेतलं. ही बातमी सांगायला दाजी सगळ्यात आधी माझ्याकडे आले. दारातच उभे, हातात गरम बनची पिशवी.

"मेव्हणीबाई, उद्यापासून संध्याकाळी घरी! सगळ्यांनी मिळून चहा घ्यायचा. तासभर नुसतं बसायचं, काही काम नाही, काही नाही. गप्पा मारायच्या."

"छातीला आराम पडेल," मी म्हटलं.

"छातीचं सोडा हो. माझ्या मुली कशावर हसतात, ते मला माहीत नाही. एवढं कळलं तरी पुष्कळ झालं."

पहिल्या संध्याकाळच्या चहाला मला आवर्जून बोलावणं होतं. ताईने ठेवणीतले कप काढले. सगळे बसलो. ताईने भुवया उंचावून साखर विचारली, दाजींनी मान हलवली. थोरलीने बोटाने धाकटीला सरकायला सांगितलं. दाजी एकदम म्हणाले, "काय मग! काय विशेष?" भट्टीच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय, दोन्ही मुली दचकल्या. "काही नाही, बाबा," थोरली कुजबुजली. मग चहा संपला. मी दाजींकडे पाहिलं तर ते रिकाम्या कपात चमचा फिरवत होते.

रोज तेच होऊ लागलं. तिघी जणी ओळीने बसायच्या, मिठाची गुळणी धरल्यासारख्या. रुसवा नव्हता, राग नव्हता. दाजी बिचारे तयारी करून यायचे. पॅकिंगच्या मशीनने कुणाची टोपी कशी पाकिटात भरली, ते हातवारे करून सांगायचे. मुलींना हसू आवरत नसे. माना खाली घालून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या, पण आवाज म्हणून नाही. दाजी ओशाळून विचारायचे, "जमला नाही का किस्सा?"

हळूहळू चहा झाला की एकेक जण वर माझ्याकडे सरकू लागली. एकीला सुई हवी, एकीला कात्री. ताई तर कुकर घेऊन येई, जरी आता खाली शिट्टी करायला कुणाची ना नव्हती. माझ्या एवढ्याशा खोलीत मग कल्ला. मी एक दिवस भडकलेच. "चालत्या व्हा इथून! तो माणूस खाली एकटा बसलाय. बापाशी बोला जाऊन."

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. "मावशी, मी रोज ठरवून बसते गं. पण बाबा समोर असले की घसा आपोआप बंद होतो."

पण मी गप्प बसणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी पत्त्यांचा जोड घेऊन खाली गेले. म्हटलं, गप्पा जमत नसतील तर निदान भांडा. ताई ओट्यापाशी पाठमोरी काहीतरी चिरत होती, आम्ही चौघं जमिनीवर बसलो. पहिले दोन डाव मुक्याने झाले. तिसऱ्या डावात दाजींनी एक पान सरळ मांडीखाली सारलं, आणि थोरली किंचाळली, "बाबा! पान लपवलंत! मी पाहिलं!"

खणखणीत आवाज होता. दाजींचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. त्यांनी जमिनीवर थाप मारली. "लपवलं! काय करशील?"

"चोर! बाबा चोर!" धाकटी टाळ्या पिटत ओरडली. थोरली त्यांच्या मांडीखालचं पान ओढायला लागली, दाजी तिचा हात धरून गडगडाट करत हसत होते. मला वाटलं, जिंकलं. आता गाडी रुळावर आली.

तेवढ्यात ताई सुरी हातात घेऊनच धावत आली. "अगं हळू! कळत नाही का, बाबा झोपलेत ना!"

बाबा समोर बसले होते. हातात पत्ते होते.

धाकटीचा तळवा आपोआप गालाखाली गेला. ताईने तोंडावर हात ठेवला. दाजी हसले, चूक काही झालीच नाही असं दाखवायला हसले, आणि म्हणाले, "खेळा, खेळा, माझी पाळी कुणाची? सॉरी, पाळी कुणाची?" पण कुणाला पान टाकायचं सुचेना. मी पत्ते गोळा केले.

ताई नंतर माझ्या खोलीत येऊन ढसाढसा रडली. "मला ते दिसत होते गं समोर. चांगले दिसत होते. तरी तेच आलं तोंडातून." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

काही दिवसांनी दाजी जिन्यात भेटले. म्हणाले, "शेठशी बोललो. परत भट्टीवर जातोय, रात्रपाळीला."

मी तिथेच त्यांना फैलावर घेतलं. "जिवावर उदार झालात का? डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरांचं बरोबर आहे. पण मी घरात असलो की त्या तिघी श्वाससुद्धा बेतानेच घेतात. मी बघतो ना रोज. तुमच्याकडे वर आल्या की मी जिन्यात उभा राहून ऐकतो. काय सुरेख बोलतात हो!"

"थोडा धीर धरा, दाजी. सवय होईल त्यांना."

"केव्हा? थोरली आज ना उद्या लग्न होऊन जाईल, धाकटीला बाहेर शिकायला जायचंय. आहेत तेवढे दिवस आपल्या घरात तरी मोकळ्या राहू देत. मला काय, दिवसा झोपायला मिळेल." आणि मग अपराध्यासारखे म्हणाले, "तुमच्या बहिणीला सांगितलंय, भट्टीवर माणसं कमी आहेत म्हणून. तुम्ही काही बोलू नका."

ताईला ते खोटं पटलं की तिने पटवून घेतलं, देव जाणे. ती डॉक्टरांचं नाव घेऊन दोन-चार वाक्यं बोलली खरी. पण बोलता बोलता तिचे ताठ खांदे खाली आले, ते मी पाहिलं. त्या क्षणी मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली.

पहिल्या रात्रपाळीच्या संध्याकाळी मला दोऱ्याचं रीळ आणायचं होतं, म्हणून दाजींबरोबरच खाली उतरले. आम्ही रस्त्यावर आलो. ताईच्या खिडकीखाली त्यांच्या चपलेचा अंगठा निघाला, तो नीट करायला ते वाकले. वरून ताईचा आवाज आला, अगदी मोकळ्या गळ्याचा, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत जाणारा.

"गेले का गं?"

"गेले!" धाकटी ओरडली.

मग खुर्ची सरकली, रेडिओ लागला, ताई कुणाच्या तरी आवाजात काहीतरी बोलली आणि तिघी खो खो हसत सुटल्या. मी संतापून वर हाक मारणार होते, तर दाजींनी हाताने मला थांबवलं. ते मान वर करून ऐकत होते. हसणं थांबेपर्यंत ऐकलं, मग डबा काखेत धरून भट्टीकडे चालू लागले.