अंबिकाच्या मानेतली गाठ

सुई गाठीत होती आणि अंबिका मला विचारत होती, "मॅडम, ह्यातनं नेमकं काय येतं?"

"बोलू नकोस. गिळूही नकोस," मी म्हणाले.

ती गप्प झाली, पण डोळे माझ्या हातातल्या सिरिंजवरच होते. बहुतेक पेशंट अशा वेळी भिंतीकडे तोंड करतात. ही बघत होती.

मानेच्या उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर, लिंबाएवढी गाठ. दाबली तरी दुखत नव्हती. टीबीच्या गाठी बहुधा एकमेकींना चिकटलेल्या असतात. ही सुटी होती, बोटाला रबरासारखी लागत होती. नुसत्या हातावरून काही ठरत नाही. तरी ती गाठ मला आवडली नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट. तेव्हा बसवकल्याणच्या एका खाजगी हॉस्पिटलात नोकरीला होते. पॅथॉलॉजिस्ट म्हणजे रक्त-लघवी तपासणारी, असं लोकांना वाटतं. तेही करते. पण मुख्य काम गाठींचं. गाठ साधी की कॅन्सरची, कॅन्सर असेल तर कोणता, हे पेशी मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं. त्याचे दोन मार्ग. पहिला एफएनएसी, म्हणजे बारीक सुईनं थोड्या पेशी ओढून काचेवर पसरायच्या. भूल लागत नाही, व्रण राहत नाही. पण सुईत सुट्या पेशी येतात, त्या गाठीत कशा रचलेल्या होत्या ते कळत नाही. दुसरा बायोप्सी. त्यात गाठ किंवा तिचा तुकडा कापूनच काढतात, मग रचना दिसते. पहिल्यानं संशय येतो, दुसऱ्यानं खात्री होते.

अंबिका मुडबीची. बसवकल्याणच्या कॉलेजात बीएस्सी करत होती, विषय झूलॉजी. कित्येक आठवडे संध्याकाळचा ताप येत होता, झोपेत कपडे भिजतील इतका घाम, आणि वजन उतरलेलं. वडील नागनाथअप्पा बाहेर बाकावर बसले होते.

स्लाइड स्टेन होईपर्यंत, म्हणजे काचेवरच्या पेशींना रंग चढेपर्यंत, ती लॅबच्या दारातच उभी राहिली. "मला दावता का? आमच्या कॉलेजचा मायक्रोस्कोप बिघडलेला हाय."

आधी मी बघितलं. छोट्या पेशींच्या गर्दीत मधूनच एक मोठी पेशी. तिला दोन केंद्रकं, प्रत्येकात एक ठळक ठिपका. समोरून रोखून बघणाऱ्या घुबडासारखी दिसते ती. अशी पेशी दिसली की आमच्या मनात पहिलं नाव येतं हॉजकिन लिम्फोमाचं. हा लसिकाग्रंथींचा कॅन्सर. तरुणांना होतो. आणि कॅन्सरमध्ये त्यातल्या त्यात चांगला, कारण वेळेवर सापडला तर बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात.

टीबीच्या जंतूसाठी वेगळा स्टेन केला. जंतू नव्हता. टीबीत पेशींचे जे पुंजके दिसतात, तेही नव्हते.

अंबिकानं मायक्रोस्कोपला डोळा लावला. "ही मोठी कसली?"

"तिच्यावरच माझा संशय आहे. पक्कं सांगायचं तर गाठ काढावी लागेल."

"मग काढा की," ती म्हणाली.

नागनाथअप्पांना आत बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मानेवर टाके पडणार व्हय?"

"बारीकसा व्रण राहील."

"लगीन ठरलंय मॅडम. अफजलपूरला दिलीया. पोरीच्या मानंवर टाके बघून ते काय म्हणतील?"

"अप्पा, वढणीखाली झाकतंय ते," अंबिका म्हणाली.

"तू गप." मग माझ्याकडे वळून, "तुमी कुठल्या, मॅडम?"

"खटकचिंचोळीची."

"कुणाच्यातल्या?"

मी आडनाव सांगितलं. आमची घरं गावच्या कडेला, बौद्ध वस्तीत, हे भालकी-बसवकल्याणच्या माणसाला आडनावावरून कळतं. ते "बरं" म्हणाले आणि उठले. "मोठ्या डॉक्टरास्नी इचारून बघतो."

मोठे डॉक्टर म्हणजे आमचे फिजिशियन, हॉस्पिटलचे मालक. सगळे त्यांना सर म्हणायचे. मी रिपोर्ट लिहिला: हॉजकिन लिम्फोमाचा संशय, गाठ काढून बायोप्सी करणं आवश्यक. आणि तो घेऊन स्वतःच त्यांच्या केबिनमध्ये गेले.

सरांनी वाचला. "मॅडम, आपल्या भागात मानेत गाठ म्हणजे टीबी. ताप आहे, घाम आहे, वजन कमी झालंय. आणखी काय पाहिजे?"

"सर, लिम्फोमातही हेच होतं. आणि जंतू सापडला नाही."

"सुईत सगळं येत नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

"म्हणूनच गाठ काढा म्हणते."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "बाप नको म्हणतोय. लग्नाची पोर आहे. कॅन्सर हा शब्द बाहेर गेला तर तिचं काय होईल? एक करा, संशय वगैरे काढून टाका. साधी सूज लिहा."

"रिपोर्ट बदलणार नाही, सर."

"नका बदलू. ट्रीटमेंट तुम्ही ठरवत नाही."

त्यांनी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. गाठ लवकर बसावी म्हणून सोबत स्टिरॉइड.

मी बाहेर बाकापाशी गेले आणि बापलेकीला पुन्हा सांगितलं, या वेळी कसलाही आडपडदा न ठेवता. "हा कॅन्सर असू शकतो. असला तर बरा होतो, पण आता धरला तर. आणि स्टिरॉइड घेतलं तर तो लपेल."

नागनाथअप्पा पिशवी उचलत म्हणाले, "सरांनी टीबी सांगितलाय. टीबीनं लगीन मोडत न्हाई, मॅडम."

अंबिकानं माझा नंबर मोबाइलमध्ये घेतला. वडील पुढे गेले होते.

गाठ बसली. ताप गेला. अंबिकाला भूक लागायला लागली, गालावर मांस आलं. एकदा राऊंड चालू असताना, नर्सेस आणि ज्युनियर डॉक्टरांसमोर, सर मला म्हणाले, "मॅडम, तुमचा कॅन्सर गोळ्यांनी विरघळला."

सगळे हसले.

"सर, लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडनं मरतात. गाठ काही दिवस बसते आणि औषध थांबलं की परत येते. गाठ बसली म्हणून टीबी ठरत नाही."

"काही लोकांना पेशंट बरा झालेलाही आवडत नाही," सर म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे वळले.

सर लग्नालाही गेले. फोटो स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. नागनाथअप्पांनी सरांना फेटा बांधला होता. शेजारी अंबिका, अंगभर दागिने, मान स्वच्छ. खाली कुणीतरी लिहिलं होतं, सरांच्या हाताला यश. त्याच्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली होती.

त्यानंतर उन्हाळ्यात एका दुपारी ती लॅबच्या दारात उभी होती. आधी मी ओळखलंच नाही. साडी अंगावर राहत नव्हती. दोन वाक्यांमध्ये खोकत होती. हातांवर खाजवून खाजवून ओरखडे उठले होते. हेही या रोगात होतं. मानेतली गाठ परत आली होती आणि काखेत आणखी एक होती.

"एकटीच आलीस?"

"व्हय. सोलापूरला मावशीकडं जायलेय म्हणून सांगितलं आन् कलबुर्गीच्या गाडीत बसले, तिथनं हिकडं." ती खुर्चीवर बसली, दम लागला होता. "सासू म्हणती, म्हायेरचा खोकला घिऊन आलीस. मला येगळं ताट केलंय."

"सरांना दाखवलंस?"

"अप्पानी दावलं. सर म्हणले, टीबी हट्टी हाय, गोळ्या वाढवू." तिनं पदर खांद्यावरून बाजूला केला. "मॅडम, आता काढा ही. टाक्याचं मला काय बी न्हाई. सही मी करते. नवऱ्याला इचारायचं न्हाई, अप्पाला बी न्हाई."

मी तिला आमचे सर्जन डॉ. इरफान यांच्याकडे नेलं. माणूस सज्जन, पण नोकरी सरांकडेच. त्यांनी गाठ बघितली, जुना रिपोर्ट बघितला. हळू आवाजात म्हणाले, "सरांचा पेशंट आहे. त्यांना विचारायला हवं."

"पेशंट इथं बसलीय," मी म्हणाले. "तिला विचारा."

ते तिच्याकडे वळले. "बेटा, गाठ काढायची आहे?"

"त्याच्यासाठीच आलेय, डॉक्टर."

इरफान नर्सला म्हणाले, "ऑपरेशन थिएटर रिकामं आहे का बघा." तेवढ्याच जागेला भूल देऊन त्यांनी गाठ काढली. अंबिका मानेवर पट्टी घेऊन तासाभरात चालत बाहेर आली.

काढलेलं मांस फॉर्मालिनमध्ये ठेवतात, म्हणजे ते कुजत नाही. मग त्यातलं पाणी काढून मेणात बसवायचं. मेणाची वडी झाली की तिचे केसाहूनही पातळ काप घ्यायचे, रंगवायचे आणि बघायचे. यात वेळ जातो आणि तो जायलाच हवा. पण ही स्लाइड ठेवल्यावर मला फार शोधावं लागलं नाही. त्या घुबडासारख्या पेशी जागोजाग होत्या. खात्रीच्या टेस्टसाठी मेणाची वडी हैदराबादला पाठवली. तिथूनही तेच आलं, हॉजकिन लिम्फोमा.

अंबिकाला मी समोर बसवून सांगितलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "मी बघितली व्हती, तीच पेशी का?"

"तीच."

"म्हंजी तवाच व्हतं."

"संशय होता."

"तुमी बाकापाशी सांगितलं, ते मला ऐकू आलं व्हतं, मॅडम," ती म्हणाली. "पर मला कुणी इचारलंच न्हाई."

स्कॅनमध्ये रोग छातीत, प्लीहेत आणि हाडांच्या आतल्या मज्जेपर्यंत पोचलेला निघाला. चौथी स्टेज. पहिल्या वेळी आली तेव्हा तो किती पसरला होता, हे आता कुणीच सांगू शकत नाही, कारण तेव्हा स्कॅनच झाला नाही. कदाचित मानेपुरताच असेल. तसं असतं तर थोड्या केमोत भागलं असतं. आता मोठा कोर्स लागला. सोलापूरला, मावशीच्या घरी राहून तिनं तो पूर्ण केला. फुप्फुसं पूर्वीसारखी झाली नाहीत, जिना चढताना अजून थांबावं लागतं. पण रोग आटोक्यात आला.

नवरा एकदाही आला नाही. सासरच्यांनी दागिने मागून घेतले आणि मुडबीला निरोप धाडला की रोग लपवून पोरगी दिली, आता तुमची तुम्हाला.

नागनाथअप्पा माझ्याकडे आले. मला वाटलं, पश्चात्ताप झाला असेल. ते खुर्चीवर बसलेही नाहीत.

"टीबी व्हता तवर पोरगी नांदत व्हती," ते म्हणाले. "तुमी कॅन्सर लिव्हला आन् तिचं घर मोडलं. कामून लिव्हलं, मॅडम? काय केलं व्हतं आमी तुमचं?"

"अप्पा, लिहिलं नसतं तर ती आज नसती."

"सर तसं म्हणत न्हाईत. सर म्हणत्यात, गोळ्या अर्ध्यात सोडल्या म्हणून वाढलं." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "तुमी लोक..." एवढंच बोलून थांबले. वाक्य पुरं केलं नाही. मलाही त्याची गरज नव्हती.

पुढे काही महिन्यांनी कलबुर्गीला डॉक्टरांची कॉन्फरन्स झाली. सरांचं भाषण होतं, विषय मानेतल्या गाठींचा. पडद्यावर एका तरुण स्त्रीची केस आली. नाव नव्हतं, पण स्लाइडचे फोटो माझे होते. माझ्या मायक्रोस्कोपवर मी काढलेले, लॅबच्या कॉम्प्युटरमधून घेतलेले. सर सांगत होते की टीबीच्या भागात काम करणाऱ्यानं लिम्फोमाचा संशय कसा जागा ठेवावा आणि त्यांनी या केसमध्ये तो कसा ठेवला.

मागून एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "सर, आधी टीबीची ट्रीटमेंट आणि स्टिरॉइड कुणी दिलं होतं?"

"बाहेरच्या कुणीतरी," सर म्हणाले.

मी उभी राहिले. "सर, बाहेरच्यांनी नाही. ट्रीटमेंट आपल्याच हॉस्पिटलात सुरू झाली. संशयाचा रिपोर्ट त्याआधी आपल्याच लॅबनं दिला होता."

अध्यक्षांनी माइक ओढला आणि चर्चा चहाच्या वेळी करू म्हणाले. चहाच्या वेळी माझ्या टेबलाशी कुणी आलं नाही. इरफान लांबून हात जोडून दुसऱ्या टेबलाकडे गेले. त्याच महिन्यात हॉस्पिटलनं मला कळवलं की लॅब आता बाहेरच्या कंपनीला द्यायची आहे, माझी गरज नाही.

मी आता बिदरला बसते. अंबिकानं बीएस्सी पूर्ण केलं. तपासणीचे स्कॅन अजून तरी स्वच्छ आहेत. वडील तिच्याशी फारसं बोलत नाहीत, असं ती फोनवर सांगते. त्यांची शुगर सर बघतात.

या केसमधून शिकायचं एवढंच: सुईच्या रिपोर्टात लिम्फोमाचा संशय असेल तर गाठ काढून तपासा आणि ती काढेपर्यंत स्टिरॉइड देऊ नका. नवीन काही नाही, मेडिकल कॉलेजात सगळ्यांना शिकवतात. सरांच्या भाषणाची शेवटची स्लाइडही हीच होती. बऱ्याच डॉक्टरांनी मोबाइलवर तिचा फोटो काढून घेतला.