जसंच्या तसं हलवणारा

दौंडहून एसटीनं येताना आमचा कॉम्प्युटरवाला हार्डडिस्क कानटोपीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसतो. कितीही गर्दी असो, पिशवीत ठेवत नाही. त्याच्या या काटेकोरपणाची मला परवापर्यंत गंमत वाटायची.

शिरूरच्या आमच्या रक्त तपासणीच्या लॅबचं जुनं सॉफ्टवेअर आताच्या कॉम्प्युटरवर चालत नाही. म्हणून त्यानंच पूर्वी कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, जुना कॉम्प्युटर बसवून दिला होता. त्याला तो व्हर्च्युअल मशीन म्हणतो. परवा ते नव्या कॉम्प्युटरवर हलवायला आला. काम संपेपर्यंत चहाला हात लावत नाही.

मी विचारलं, "हलवताना थोडंफार गळत असेल ना?"

"न्हाई ताई. येतं ते समदं येतं, न्हाईतर मशीन उठतच न्हाई."

मग दोन्ही कॉम्प्युटर शेजारी सुरू करून त्यानं त्याचा ठरलेला प्रश्न विचारला, "कवाच इसरणार न्हाई असा एक पेशंट सांगा. ताडून बघू."

मी वडगाव रासाईच्या एका बाईचं नाव सांगितलं. तिच्या प्लेटलेट अठरा हजार होत्या. रिपोर्ट टाईप करताना मी एक शून्य जास्त मारलं. त्या रिपोर्टवर तिला घरी सोडलं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. डेंग्यूनं गेली, एवढंच सगळ्यांना माहीत आहे.

त्यानं आधी जुन्या, मग नव्या स्क्रीनवर बोट ठेवून आकडा मोठ्यानं वाचला.

"एक लाख ऐंशी हजार. हितंबी एक लाख ऐंशी हजार." तो समाधानानं माझ्याकडं वळला. "जसंच्या तसं आलंय, ताई. आन् बाईबी नॉर्मल हाय."