मांडी घालून निवडलेलं पिस्तूल

डोमाजी पाटलांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कुऱ्हाड खाली ठेवताना. आमच्या भागात तलावाच्या बांधाला पार म्हणतात; तो पार नव्हे, ती पार. मी त्या गावात मास्तर म्हणून नवाच आलो होतो, आणि भाताचं शेवटचं पाणी कोणी कधी घ्यायचं ते ठरवायला सारा गाव पारीवर जमत होता. जंगलाचा मुलूख, पुरुष माणूस घराबाहेर पडला की कुऱ्हाड खांद्यावर आलीच. पण पारीवर चढायचं ते रिकाम्या हाताने, हा तिथला जुना रिवाज. पायथ्याशी मोहाचं झाड होतं, त्याखाली कुऱ्हाडी ठेवायच्या. डोमाजी सगळ्यांच्या आधी आले आणि त्यांनी आपली कुऱ्हाड इतकी हलकेच खाली ठेवली की आता तिच्यावर पांघरूण घालतात की काय, असं मला वाटलं. शेवटची कुऱ्हाड झाडाखाली येईपर्यंत ते वर चढले नाहीत.

त्या दिवशी एक जंगलगार्डही आला होता, खांद्याला सरकारी बंदूक अडकवून. त्याला पारीवर बसून गंमत बघायची होती. डोमाजींनी त्याला खालीच अडवलं. तो म्हणाला, ही सरकारची बंदूक आहे. डोमाजी म्हणाले, "सरकारची असो का देवाची असो, पारीवर पानी वाटतेत, जीव नाई वाटत." गार्डाने कुरकुरत बंदूक कुऱ्हाडींच्या रांगेत ठेवली आणि मग दोन तास निमूटपणे शेतकऱ्यांचं भांडण ऐकलं. मी त्याच दिवशी या माणसावर लुब्ध झालो. पुस्तकात वाचलेलं मोठेपण धोतर-बंडी घालून समोर बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

तो तलाव डोमाजींच्या पूर्वजांनी बांधलेला. ते कोहळी, आणि तलाव बांधणं हे त्या लोकांचं वंशपरंपरेचं काम. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाला, पण पाणी वाटायला लोक सरकारकडे गेले नाहीत, डोमाजींकडेच आले. त्यांचा नियम असा की पाणी आधी शेवटच्या बांधीला, म्हणजे तलावापासून सर्वांत दूरच्या शेताला. वरच्यांनी तक्रार केली की म्हणायचे, "तुह्या त पायाशीच आहे पानी. तू कायले रडून राहिला?" आणि भांडण हातघाईवर येईल असं दिसलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असे: "कुराड खाली ठेवली ना बापू? मंग तिले तोंडातून काऊन काढून राहिला?" लोक हसत आणि भांडण तिथेच विझे.

मालगुजारी गेल्याच्या पुढच्या वर्षी डोमाजींनी पिस्तुलाचा परवाना काढला. चिचगडच्या जंगलात त्यांनी लाकडाचा छोटा ठेका घेतला होता, आणि त्या वाटेवर एका ठेकेदाराला लुटल्याची बातमी होती. भंडाऱ्याच्या साहेबाला कारण पटलं. मलाही पटलं. पिस्तूल घ्यायला नागपूरला जायचं होतं, आणि मला शहराची माहिती आहे असा त्यांचा समज होता. सौंदडहून छोट्या गाडीने गोंदिया आणि तिथून मोठ्या गाडीने नागपूर, असे आम्ही निघालो. वाटेत त्यांनी मला घरच्या चिवड्यातले शेंगदाणे वेचून दिले.

दुकानदार म्हातारा बोहरी होता. त्याने आधी सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर काढलं आणि त्याची तारीफ सुरू केली. पिस्तुलात कचरा अडकतो, पावसाळ्यात ते गंजतं. रिव्हॉल्वरचं तसं नाही. "यह धोखा नहीं देता. गोली नहीं चली तो फिर दबाओ, अगली चलेगी." डोमाजींनी ते हातात घेऊन नेमबिम काही धरला नाही. बंडीच्या आत कमरेला खोचलं, बंद बांधले आणि दुकानातल्या गादीवर चक्क मांडी घालून बसले. रिव्हॉल्वरचं गोल पोट बंडीतून पेरूसारखं वर आलं. त्यांनी मान हलवली. दुसरं लहान होतं, पण त्याचा घोडा बंडीच्या सुताला अडकला. तिसरं एक चपटं पिस्तूल होतं, तळहातात मावेल एवढं.

ते खोचून डोमाजी मांडी घालून बसले. वाकून नमस्कार केला. डाव्या बाजूला झुकले, उजव्या बाजूला झुकले, हात वर करून कोणाला तरी बोलावल्यासारखं केलं. मग मला विचारलं, दिसतं का? मी पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि सांगितलं की काही दिसत नाही. दुकानदाराला राहवलं नाही. त्याने बजावलं की हे अगदी समोरच्या माणसापुरतंच आहे. भालूला लागलं तर भालू फक्त नाराज होईल. आम्ही तिघेही हसलो. डोमाजींनी तेच घेतलं.

गावात ही गोष्ट लपून राहणं शक्यच नव्हतं. चौकशीला शिपाई येऊन गेला होता. पुढच्या बैठकीच्या आधी लहानूजी नावाचे एक वयस्क शेतकरी मोहाखाली उभे राहिले आणि कुऱ्हाड खाली ठेवीनात. पंचाच्या घरी पिस्तूल आणि आम्ही रिकाम्या हाताने, हे कसं, असं त्यांचं म्हणणं. डोमाजी रागावले नाहीत. ते म्हणाले, बरोबर बोलला. मग त्यांनीच तोड काढली. बैठकीच्या आदल्या दिवशी पिस्तूल एका पेटीत घालून, कुलूप लावून गुरुजींच्या घरी ठेवायचं. बैठक संपली की परत न्यायचं. गुरुजींना ना शेत ना बांधी, ते कोणाच्या बाजूचे नाहीत. लहानूजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी म्हणतील त झालं." आणि त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

तेव्हापासून दर बैठकीला लहानूजी मला मोहाखाली विचारत आणि मी सांगत असे, वस्तू माझ्या घरी आहे. त्यावर गाव पारीवर चढे. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटे. परगावचा माणूस मी, आणि माझ्या एका वाक्यावर एवढ्या कुऱ्हाडी जमिनीवर येत. पेटी साधी सागवानी होती, किल्ली डोमाजींकडे असे. शेवटच्या पाण्याची बैठक दसऱ्याच्या सुमाराला येई, म्हणून माझी बायको त्या पेटीचीही शस्त्रपूजा करी. हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळं साग्रसंगीत. घरात दुसरं शस्त्र म्हणजे विळी.

डोमाजी याच काळात आमच्या घरचेच झाले. बायको त्यांना चिडवायची की पाटील, तुम्ही सुटत चाललात, बंड्या सैल शिवायला लागलात. माझ्या मुलीला विषमज्वर झाला तेव्हा त्यांनी स्वतः बैलांची दमणी जुंपली आणि तिला मांडीवर घेऊन सौंदडच्या स्टेशनापर्यंत आले. वाटभर तिला पोपटाची गोष्ट सांगत होते. मुलगी बरी झाली ती त्यांच्यामुळे, असं आम्ही आजही मानतो. त्यांचं देणं मी नाकारत नाही. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

एका वर्षी हस्ताचा पाऊस आलाच नाही. तलावात पाणी थोडं, आणि भात पोटरीत आलेलं. डोमाजींनी प्रथमच आपला नियम मोडला. शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचणारच नाही, पाटातच जिरेल, म्हणून या खेपेला ते वरच्यांना द्यायचं, असा त्यांनी निवाडा दिला. कदाचित तो बरोबरही असेल. पण शेवटच्या बांधीचा सोमा तिथे बसला होता. चार पोरांचा बाप, दुसरं शेत नाही. तो एकदम उठला आणि बसलेल्या लोकांतून वाट काढत, जवळजवळ धावतच डोमाजींकडे आला. मी डोमाजींच्या शेजारी होतो, मला त्याचे दोन्ही रिकामे हात दिसत होते. तो वाकला आणि त्याने डोमाजींचे पाय धरले.

त्याने मान वर केली तेव्हा त्याच्या कपाळापासून वीतभर अंतरावर ते चपटं पिस्तूल होतं.

चाप ओढला गेला नाही. डोमाजी स्वतःच आपल्या हाताकडे बघत होते. पारीवर कोणी हललं नाही. सोमाने पाय सोडले, उभा राहिला, आणि डोमाजींशी नाही, माझ्याशी बोलला.

"गुरुजी, तुमच्या घरी काय आहे मंग?"

लोक उठले, खाली उतरले, आपापली कुऱ्हाड उचलून निघून गेले. त्या वर्षी पाणी ज्याच्यात बळ होतं त्याने घेतलं. सोमाच्या बांधीतलं भात उभंच वाळलं.

घरी जाऊन मी पेटीचं कुलूप फोडलं. आत मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेलं तराजूचं वजन होतं. बायकोने ते हातात घेतलं आणि बघत राहिली; इतकी वर्षं तिने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. मला वजनाचं एवढं लागलं नाही. फडकं तेलाने माखलेलं होतं, ते लागलं. पेटीला पिस्तुलाचा वास यावा म्हणून डोमाजींनी दर खेपेला आठवण ठेवून त्याला तेल लावलं होतं. आणि मग नागपूरचं ते दुकान माझ्या डोळ्यांपुढे आलं. चिचगडच्या वाटेवर कोण मांडी घालून बसतो? ज्याने अस्वल मरणार नाही असलं पिस्तूल जंगलासाठी कोण घेतो? पहिल्या दिवसापासून ते पारीसाठीच निवडलेलं होतं, आणि दिसत नाही अशी ग्वाही त्यांनी माझ्याकडूनच घेतली होती. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसले तेव्हाही ते कमरेला असेल का, हा विचार मनात आला आणि मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो.

काही दिवसांनी शाळा सुटल्यावर डोमाजी आले. मुलांच्या पाटावर बसले. अर्जुनीकडच्या एका पंचाला पाण्याच्या भांडणात पारीवरच तोडलं होतं, ते मला माहीत नव्हतं. त्यांना होतं. तिथेही सगळ्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या होत्या, एकाने ठेवली नव्हती. "तवापासून मले भेव वाटे गुरुजी. मानसाचं तोंड दिसेच नाई, हातच दिसत." मी विचारलं, मग मला का सांगितलं नाही? मी काय चुगली केली असती?

त्यांनी पाटावरची खडूची भुकटी तळहाताने पुसली. मग म्हणाले, "तुमाले खोटं बोलता येत नाई. मले तुमचं तोंड खरं पायजे होतं."

इतकं खरं ते माझ्याशी पूर्वी कधी बोलले नसतील. मी भांडलो नाही. त्यांच्या भीतीचा मला रागही आला नाही. भीती कोणाला वाटत नाही? पण माझ्या प्रामाणिकपणाचा त्यांनी पेटीच्या कुलपासारखा वापर केला होता. मी एकच मागितलं. पेटीत काय होतं हे मला ठाऊक नव्हतं, एवढं त्यांनी पारीवर चार लोकांत सांगावं. गावात बोललं जात होतं की पाटील आणि मास्तर दोघे मिळालेले होते. मुलं शाळेत येईनाशी झाली होती. डोमाजींनी माझा हात हातात घेतला. "सांगीन," म्हणाले. "तुमच्यासाठी एवढं नाई करनार का मी?"

पुढच्या वर्षी बैठक झाली. पंच लहानूजी होते. मोहाखाली कोणी काही ठेवलं नाही. लोक कुऱ्हाडी मांडीवर घेऊनच बसले. डोमाजी एका कडेला, म्हातारे झाल्यासारखे. पिस्तूल त्यांनी ठाण्यात जमा केलं होतं. मी पार चढून आलो तेव्हा लहानूजींनी मला थांबवलं. आवाज कडू नव्हता. "राग नका मानू गुरुजी, पन पिशवी दाखवा तुमची."

मी डोमाजींकडे पाहिलं. मला सोडवू शकणारा माणूस तिथे तेवढा एकच होता, आणि तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसला होता. मी थांबलो. सगळ्यांना कळेल इतका वेळ थांबलो. डोमाजी तलावाकडे बघत होते. मग मी पिशवी उलटी केली. चष्म्याचं घर, खडूचे तुकडे आणि पानाचा डबा खाली पडला. ते मी एक एक करून परत भरलं आणि घरी आलो.

त्याच वर्षी मी बदली मागून तिरोड्याला गेलो. पुढे डोमाजी वारल्याचा निरोप मला तिथे आला. रात्रीपर्यंत पोचलो तर तोंड बघायला मिळेल, असं निरोप आणणाऱ्याने सांगितलं. बायकोने माझं धोतर काढून ठेवलं आणि डब्यात भाकरी बांधली. मी तिला म्हटलं, मला शाळा आहे. तिने डबा सोडला आणि भाकरी परत टोपलीत ठेवली. त्या दिवशी रविवार होता.