वांग्याचं कूळ

माझी शाळा चौथीपर्यंत. पण शेतीतलं मला शिकवील असा माणूस संगमनेर तालुक्यात अजून जन्मला नाही, हे मी चारचौघांत बिनधास्त सांगायचो. त्यामुळे विहिरीजवळच्या तुकड्यातलं पीक जायला लागलं तेव्हा दोष माझा असेल, हे मनालाही शिवलं नाही.

तीन वर्षं तेच. झाड हिरवंगार वाढायचं आणि फळ धरायच्या वेळी भर दुपारी मान टाकायचं. वरच्या अंगाला धाकट्या भावाचं रान. तणनाशकाचं पाणी तोच मुद्दाम खाली सोडतो, असं मी ठरवूनच टाकलं. बोलणं बंद केलं. पुतण्याच्या लग्नात देवक बसवायचा मान थोरला म्हणून माझा होता. मी दार लावून घरात बसून राहिलो. पण ते आतून खात होतं. पाठचा भाऊच वैरी निघाला, तर उरलेले दिवस कुणाच्या आधाराने काढायचे?

यंदा मिरचीनेही मान टाकली. धाकटी सून रानात आली. ती कॉलेजात झाडांचंच शिकलेली. तिने एक रोप उपटून मूळ दाखवलं. गाठीच गाठी.

"आबा, याच्याआधी काय होतं इथं?"

"टमाटी. त्याच्याआधी वांगी. फेरपालट करतो म्हटलं मी, अडाणी समजू नको."

"कसली फेरपालट? तिघं एकाच कुळातली."

"झाडाला कुठलं आलंय कूळ?"

ती बांधावर टेकली. म्हणाली, जगात झाडं इतकी, की सांगणाऱ्याचा गोंधळ उडायचा. म्हणून परदेशातल्या जुन्या पंडितांनी सारख्या झाडांचे गट केले आणि त्यांना घरातलाच शब्द दिला. त्यांच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ होता एका धन्याच्या घरातली सगळी माणसं, गडीमाणसांसकट. आपल्या पुस्तकांत त्यालाच कूळ म्हणतात.

मी अडून बसलो. "माणसाचं कूळ देवकावरनं कळतं. यांचं देवक दाखव."

"फूल हेच देवक, आबा."

तिने मिरचीचं फूल तोडलं, परसातून टोमॅटोचं आणलं आणि बांधावरच्या काटेरी रिंगणीचं जांभळं फूल त्यांच्या शेजारी माझ्या तळहातावर ठेवलं. तिन्ही चांदणीसारखी. रिंगणी मी जन्मभर खुरप्याने काढत आलो, पण तिचं फूल थेट वांग्याचं हे कधी बघितलंच नव्हतं.

"या कुळाच्या मुळांवर बारीक कृमी जगतात," ती म्हणाली. "तीन वर्षं तुम्हीच त्यांना खाऊ घातलं. पाणी कुणी सोडलं नाही. आता झेंडू लावा, मग ज्वारी."

मिरची गेली होती, तरी मला हसू आलं. छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं झालं.

तसाच भावाच्या गोठ्यात गेलो. तो धारेला बसला होता.

"मुळाला किडे हुते," मी म्हणालो. "तुझा काय दोष न्हाई."

तो मान वर न करता म्हणाला, "ज्वारी कर, ज्वारी कर, म्हणून बांधावरनं वरडून माझा घसा बसला. ते ऐकू आलं न्हाई व्हय दादा तुला?"

ऐकू आलं होतं. त्याला माझं पीक बघवत नाही म्हणून बोलतो, असं वाटलं होतं.

"लई शाना हायेस," मी म्हणालो.

"हाय ना. आता हे वासरू धर, मधी मधी येतंय."

मी वासरू धरलं.